एक गिअर वर

मोटारशर्यतींचे वर्णन करताना इंजिनाचे बळ आणि चालकाचे धाडस यांचीच वाखाणणी होते. गिअर निवडण्यामागील विवेकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा विवेक केवढा मोलाचा असतो, हे जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग येथे ४ ऑगस्ट १९५७ रोजी झालेल्या शर्यतीवरून दिसून येते, असे आम्हांस वाटते.

प्रथम यंत्राची रीत पाहू. वळण जवळ आले की चालक वेग कमी करतो व गिअर खाली आणतो. चाकांची गती तीच असता खालच्या गिअरमध्ये इंजिनास अधिक वेगाने फिरावे लागते. ही तफावत त्या काळी चालकासच भरून काढावी लागे. क्लच दाबून गिअर मोकळा करावयाचा, क्लच सोडून क्षणभर इंजिनाचा वेग वाढवावयाचा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकावयाचा. आणि हे करीत असता ब्रेकवरचा दाबही ढळू द्यावयाचा नाही. चूक झाली तर मागच्या चाकांस एकदम खीळ बसून गाडी गरकन फिरे.

अर्जेंटिनाचा हुआन मान्युएल फांगिओ या विद्येत मुरलेला होता. त्या दिवशी ४६ वर्षांच्या फांगिओने आपली मासेराटी अर्ध्याच टाकीनिशी काढली. जवळजवळ २३ किलोमीटरांची एक फेरी, अशा २२ फेऱ्या होत्या. बाराव्या फेरीनंतर पेट्रोल व टायर यांसाठी तो थांबला. काम लांबले, आणि हॉथॉर्न व कॉलिन्स यांच्या फेरारी सुमारे पाऊण मिनिट पुढे निघून गेल्या.

तेव्हा फांगिओने आपली नित्याची रीत सोडली. कित्येक वेगवान वळणे तो नेहमीपेक्षा एक गिअर वर ठेवून घेऊ लागला. वरच्या गिअरमध्ये इंजिनाची ओढ कमी. म्हणून वळणात शिरतानाच वेग अधिक राखावा लागतो. तो थोडा कमी पडला तर गाडी रेंगाळते, थोडा अधिक झाला तर रस्ता सुटतो. १९५६ मधील त्याचाच विक्रम ९ मिनिटे ४१.६ सेकंदांचा होता. विसाव्या फेरीस त्याला ९ मिनिटे १७.४ सेकंदच लागले. एकविसाव्या फेरीत त्याने दोघांसही मागे टाकले व ३.६ सेकंदांनी शर्यत जिंकली. त्याचे पाचवे जगज्जेतेपद त्याच दिवशी निश्चित झाले.

१९८९ मध्ये फेरारीने चाकामागील पट्ट्यांनी गिअर बदलण्याची सोय आणली, आणि मॅन्सेलने तिच्या पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, विजय मिळविला. आज फॉर्म्युला वनमध्ये इंजिनाचा वेग जुळविण्याचे काम संगणक करतो. कोणत्या वळणास कोणता गिअर, हे मात्र अजूनही चालकच ठरवितो.

तसे आपण पूर्वी कधी हाकले नव्हते व पुन्हा हाकण्याची इच्छाही नाही, असे फांगिओ पुढे सांगत असे. विक्रमाइतकेच हे बोलणेही आम्ही त्याच्या थोरवीत धरतो. ग्रां प्रीमधील तो त्याचा अखेरचा विजय ठरला. १९५८ मध्ये तो निवृत्त झाला आणि १९९५ मध्ये, ८४ वर्षांचा होऊन, वारला.