तिलोनियाच्या आज्या आणि दिवे

बंकर रॉय १९७२ साली तिलोनियात आले ते पाण्यासाठी. अजमेर जिल्ह्यातल्या या कोरड्या गावात क्षयरोग्यांच्या ओस पडलेल्या सरकारी इस्पितळात त्यांनी संस्था थाटली. आधी भूजलाची पाहणी झाली, मग हातपंप आले. पंप बिघडला की बाहेरून मिस्त्री येईस्तोवर बायांची लांबची पायपीट ठरलेली. म्हणून संस्थेनं गावातल्याच पोरांच्या हाती पाने दिले. पुढे 'बेअरफूट कॉलेज' म्हणून गाजलेल्या या संस्थेचं सारं शहाणपण मला या हातपंपातच दिसतं. सौरऊर्जा नंतरची.

ऐंशीच्या दशकात छपरांवर पॅनेल चढली. दिवसभर गुरं राखणाऱ्या मुलांच्या रात्रशाळा सौरकंदिलांवर भरू लागल्या. पण पॅनेल बसवणं सोपं. बॅटरी मेली किंवा चार्ज कंट्रोलर जळला की खरी परीक्षा. एवढ्याशा सुट्या भागापायी चांगला दिवा अडगळीत जातो. तरुणांना शिकवावं, तर ते प्रमाणपत्र खिशात घालून शहर गाठतात. मग निवड ठरली आज्यांची : पस्तिशी-पन्नाशीच्या, निरक्षर, गाव न सोडणाऱ्या. प्रमाणपत्र मात्र कुणालाच नाही!

प्रशिक्षण सहा महिन्यांचं. रंग, खुणा आणि हातानं पुन्हा पुन्हा करून बघणं. नाहीतरी रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे ओळखायला बाराखडी कुठे लागते? २००८ पासून परराष्ट्र मंत्रालयाच्या 'आयटेक' कार्यक्रमातून खर्चाची सोय झाली आणि आफ्रिकेतल्या बायका मोठ्या संख्येनं येऊ लागल्या. शेजारणीची भाषा कळत नसताना त्या सोल्डरिंग शिकल्या. 'सोलर मामाज' या २०१२च्या माहितीपटातली जॉर्डनची बाई नवऱ्याच्या धमकीमुळे अर्ध्यातून घरी जाते, तरी परत येऊन शिक्षण पुरं करते.

दिवे फुकट नाहीत, हे मला विशेष पटतं. रॉकेल, मेणबत्त्या आणि टॉर्चच्या सेलवर आधी जेवढा खर्च होई, साधारण तेवढी रक्कम घरटी दरमहा गावच्या समितीकडे जमा होते. त्यातून दुरुस्ती करणारीचं मानधन निघतं, सुटे भागही येतात. या विजेवर पिठाची गिरणी फिरत नाही; दोन-चार दिवे लागतात, मोबाइल चार्ज होतो. पण धुरकट चिमणी जाते आणि सूर्य मावळल्यावरही सुईणीला दिसतं.

सिएरा लिओनमधल्या कोन्टा लाइन गावात २०११ साली असंच केंद्र उघडलं. तिथे शिकवणाऱ्या बायका तिलोनियात शिकून गेलेल्या.