जनरेटिव्ह एआय आणि डिझायनरचे व्यवसायचिंतन

काम चालू असताना आणि ते संपल्यावर डिझायनर स्वतःचे निर्णय व त्यांमागची गृहीतके तपासतो, त्याला व्यवसायचिंतन म्हणतात. शब्दांत दिलेल्या सूचनेवरून चित्रे व मांडण्या तयार करणाऱ्या जनरेटिव्ह एआयमुळे या तपासणीची जागाच सरकली आहे.

या विषयाची पायाभूत मांडणी अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ (१९८३) या ग्रंथात केली. त्यातील पेत्रा ही वास्तुकलेची विद्यार्थिनी शाळेची इमारत उताराच्या जमिनीवर बसवू पाहते आणि अडते. शिक्षक क्विस्ट तिच्या आराखड्यावर रेखाटत जातात, प्रत्येक रेघेचा परिणाम पाहतात आणि मूळ प्रश्नच नव्याने मांडतात. विचार इथे रेखाटण्यातच घडतो. अडणे हा त्याचा आवश्यक भाग आहे.

२०२२ मध्ये मिडजर्नी व स्टेबल डिफ्यूजन ही साधने सर्वांसाठी खुली झाली. त्यांतून अर्ध्या मिनिटात गुळगुळीत, पूर्ण भासणारे चित्र हाती येते. कच्च्या रेखाटनातील संदिग्धता नव्या अर्थांना वाव देते. तयार चित्र तो वाव कमी करते. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६० जणांनी चॅटबॉटच्या रूपासाठी कल्पना रेखाटल्या. एआयची मदत घेणारे नमुन्यादाखल दाखवलेल्या चित्रात अधिक अडकले. विनामदत काम करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या कल्पना संख्येने कमी आणि कमी वेगळ्या निघाल्या.

चिंतन यामुळे संपत नाही, ते निवडीकडे वळते. शेकडो पर्यायांतून एक उचलताना ‘हाच का?’ याचे उत्तर द्यावे लागते आणि सूचना लिहिताना मनातला हेतू शब्दांत आणावा लागतो. हा लाभ खरा आहे, पण तो प्रामुख्याने अनुभवी डिझायनरला मिळतो. ज्याची नजर अजून घडायची आहे, त्याला चकचकीत चित्रातला दोष दिसतच नाही. मराठी भित्तिपत्रकात हे लगेच कळते: अनेक प्रतिमासाधने जोडाक्षरे मोडतात, वेलांट्या भलत्याच जागी लावतात, आणि लिपीची जाण नसलेला त्याला सजावट समजून पुढे जातो.

म्हणून साधन उघडण्यापूर्वी हाताने रेखाटणे, नाकारलेले पर्याय कारणांसह नोंदवून ठेवणे आणि सहकाऱ्यांसमोर निवडीचे समर्थन करणे, या सवयी अध्यापनात विशेष महत्त्वाच्या ठरतात. केवळ अंतिम चित्र तपासले, तर विद्यार्थ्याने कुठे व का निर्णय घेतला हे शिक्षकाला कळू शकत नाही.