नावेतली वीज

वारा, वल्हे आणि वाफ हे नावेचे तीन जुने सोबती. वीज हा चौथा सोबती अगदी अलीकडचा असावा, असा सर्वसाधारण समज आहे. पण तो खरा नव्हे. विजेच्या दिव्यांनी शहरे उजळण्याच्या कितीतरी आधी, १८३८ साली, मोरिट्झ याकोबी या शास्त्रज्ञाने झार पहिला निकोलस याच्या द्रव्यसाहाय्याने सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीत विजेची नाव चालवली. डझनभर माणसे बसलेल्या त्या नावेत जस्त आणि तांबे यांचे तीनशेवर घट मांडले होते. पुढल्या वर्षी त्याने जस्त आणि प्लॅटिनमचे ६४ घट वापरले. त्यांतून गुदमरवणारा तांबूस धूर निघे. शिवाय हे घट म्हणजे एक प्रकारची भट्टीच. कोळशाच्या जागी महागडे जस्त जळायचे. जस्त विरघळले की खेळ संपला!

रिकामा झालेला घट पुन्हा भरता येईल, अशी युक्ती १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाला साधली. शिशाचे दोन पत्रे गुंडाळून त्याने सल्फ्यूरिक आम्लात बुडवले, आणि आज मोटारीत असते त्या बॅटरीची पूर्वज जन्माला आली. परंतु ती भरायची कशाने? जस्ताच्या त्याच जुन्या घटांनी! घागर हाती आली होती, पण विहीर अजून खणायची होती. १८७० नंतर डायनॅमो प्रचारात आला आणि ती विहीरही लाभली. १८८१ साली कामीय फोरने शिशाच्या पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप देऊन घागरही मोठी केली. लगेच पुढल्या वर्षी लंडनच्या थेम्स नदीत ‘इलेक्ट्रिसिटी’ नावाची नाव ४५ संचायक घटांच्या बळावर चालली.

यापुढची हकीगत मोठी मनोरम आहे. मूळचा जर्मन असलेला मोरिट्झ इमिश या अभियंत्याने १८८८ च्या सुमारास थेम्सवर भाड्याने देण्यासाठी विजेच्या नावांचा ताफा उभारला. ना धूर, ना काजळी, ना यंत्राचा खडखडाट. सहलीला निघालेल्या मंडळींना आणखी काय हवे? पण घट भरण्यासाठी नदीकाठी वीज होती कोठे? तेव्हा इमिशने वीजघरच पाण्यावर आणले! वाफेचे यंत्र आणि डायनॅमो पोटात घेतलेले पडाव नदीत ठिकठिकाणी नांगरून ठेवले. रात्री नावा त्यांच्या कुशीला लागत आणि सकाळी ताज्यातवान्या होऊन निघत. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात अशाच ५५ नावांनी दहा लाखांवर प्रवाशांना जलविहार घडवला.

पुढे पेट्रोल आले आणि पारडे फिरले. पेट्रोलचा डबा कोठेही नेता येई. घट भरायला मात्र वीजघर गाठावे लागे. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेने इंजिन सुरू करण्याची सोय झाली आणि बॅटरी पेट्रोलच्या पदरी चाकरीला राहिली. पुढे सहलीच्या नावांत आणि चाकांवरच्या फिरत्या घरांत दिवे, पंखे, शीतपेटी यांसाठी बारा व्होल्टची वेगळी बॅटरी बसू लागली.

आज तिच्या शेजारी एक नवी पाहुणी आली आहे: मूठ धरून उचलावी अशी वीजपेटी. तिलाच लोक पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणतात. पुष्कळशा पेट्यांत लिथियम, लोखंड आणि फॉस्फेट यांचे घट असतात. जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे त्यासंबंधीचे संशोधन १९९७ साली प्रसिद्ध झाले. पण या नावाने फसू नये. इमिशचा पडाव वीज निर्माण करी. ही पेटी नुसती साठवते. ती घागर आहे, विहीर नव्हे.

तेव्हा दोन घागरी जोडायच्या कशा? सरळ तारेला तार लावून मुळीच नव्हे. शिशाची भरलेली बॅटरी स्वस्थ असता सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, तर लिथियमचे बारा व्होल्टी घट १३ च्या वर असतात. थेट जोडले तर उंचावरून खाली वीज लोटते. तारा तापतात आणि प्रसंगी आगही लागते. म्हणून मध्ये दाब व प्रवाह आवरणारा चार्जर बसवतात. पेटीच्या घरगुती विजेच्या खोबणीत बॅटरीचा नेहमीचा चार्जर लावूनही काम भागते. मात्र वीज दोनदा रूपांतर पावते आणि वाटेत काही भाग उष्णतेत जातो. पेटीने बॅटरी भरायची आणि बॅटरीने पुन्हा पेटी, असा फेरा कोणी मांडलाच, तर दर फेऱ्याला थोडी वीज नाहीशी होईल, वाढणार मात्र कणभरही नाही.

किनाऱ्यावर बॅटरी संपली तर दिवा विझतो, एवढेच. भर समुद्रात तिच्यावर बिनतारी संदेशयंत्र आणि नावेत शिरलेले पाणी उपसणारा पंप अवलंबून असतात. म्हणून जाणता नावाडी या दोन्ही कामांसाठी मूळची बॅटरी राखून ठेवतो. स्वयंपाक, पंखा असे चैनीचे ओझे पेटीवर टाकतो. आणि दोहोंना भरायला छपरावर सौरफलक मांडतो. याकोबीपासून इमिशपर्यंत प्रत्येकाला पडलेला प्रश्न त्यालाही निघण्यापूर्वी सोडवावा लागतो: किती साठवले हे तर खरेच, पण ते पुन्हा भरणार कोठून?