हृदयाचें औषध आणि त्याचें मोजमाप

वाशीमचें जुनें नांव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. आज मात्र मी श्रोत्यांस ताम्रपटांकडे नेत नाहीं, तिकडील कुंपणांवरच्या पिवळ्या कण्हेरीकडे नेतों. ही कण्हेर मूळची अमेरिकेंतील. तिचीं फुलें आपण देवाला वाहतों, तिच्या बिट्ट्यांनीं मुलें खेळतात. आणि त्याच बिट्ट्यांतील बियांनीं माणसाचें हृदय बंद पडतें.

ह्या विषाचें सख्खें भावंड एक जगप्रसिद्ध औषध आहे. १७८५ सालीं विल्यम विदरिंग ह्या इंग्रज वैद्यानें सूज आलेल्या रोग्यांस डिजिटॅलिसचीं पानें दिल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मात्रा किंचित् वाढली कीं रोगी ओकूं लागे, नाडी मंदावे. औषध आणि विष यांत अंतर तें एवढेंच. पण तें मोजावयाचें कसें?

१८६३ सालीं पॅरिसमध्यें एका विधवेच्या मृत्यूनें हा प्रश्न न्यायालयांत नेला. संशय डॉ. पोमरे ह्याच्यावर. तार्द्यू आणि रूसँ ह्या तज्ज्ञांनीं लाकडी जमिनीवर वाळलेली वांति खरवडून तिचा अर्क काढला व तो जनावरांस टोंचला. डिजिटॅलिननें बेडकाचें हृदय जसें थांबतें तसेंच ह्या अर्कानें थांबलें. पोमरे १८६४ सालीं गिलोटिनखालीं गेला. बेडकानें साक्ष दिली ती विषाच्या जातीची. प्रमाण तो बिचारा काय सांगणार!

त्यासाठीं आणखी शंभर वर्षें लागलीं. १९३० सालीं शुद्ध डिगॉक्सिन हातीं आलें. १९६९ सालीं स्मिथ, बटलर व हेबर यांनीं त्यास धरून ठेवणारीं, सशांच्या रक्तांत उपजविलेलीं प्रतिद्रव्यें घेतलीं. त्यांवरील जागेसाठीं किरणोत्सर्गी डिगॉक्सिन आणि रोग्याच्या रक्तांतील डिगॉक्सिन यांची झोंबी लावावयाची, व पहिल्यापैकीं किती हुसकलें गेलें तें मोजावयाचें, अशी युक्ति. एका मिलिलिटरांत दोन नॅनोग्रॅमांपुढें धोका. म्हणजे हिशेब ग्रॅमच्या अब्जांशांचा!

परंतु ह्या प्रतिद्रव्यांस कण्हेरीचें विषहि डिगॉक्सिनसारखेंच भासतें. बिट्टी खाल्लेल्याच्या रक्ताचा आंकडा येतो, पण तो त्या विषाचें खरें प्रमाण सांगत नाहीं. लहान आंकडा पाहून वैद्यानें निर्धास्त होऊं नये. त्यानें हृदयाचा आलेख आणि रक्तांतील पोटॅशियम पाहत राहावें. नेमक्या मापासाठीं रक्तांतील प्रथिनें सांकळवून बाजूस काढावीं लागतात, द्रावकानें विष खेंचून घ्यावें लागतें, आणि मग क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री यांनीं तें ओळखून मोजावें लागतें.

मृत्यूनंतर तर आणखी एक घोटाळा. हृदयाच्या स्नायूंत सांठलेलें डिगॉक्सिन हळूहळू भोंवतालच्या रक्तांत पाझरतें व आंकडा फुगतो. म्हणून शवविच्छेदनांत रक्त हृदयांतून न घेतां मांडीच्या शिरेंतून घेतात.