पर्वतीच्या पायऱ्या चढताना १३ ऑक्टोबर आठवा

पुण्यात सध्या जुन्या वास्तू दाखवणाऱ्या 'हेरिटेज वॉक'ची चलती आहे. कधी कसबा गणपती, कधी त्रिशुंड गणपती, कधी ओंकारेश्वर, तर कधी पर्वती. आपली कॉलेजातली मुलं-मुलीही या फेऱ्यांना जातात आणि मग वस्तीत वाद होतो. एक बाजू म्हणते, आपण बौद्ध आहोत, देवळाची पायरी चढायचीच कशाला? दुसरी म्हणते, इतिहास पाहायला काय हरकत आहे? मित्रांनो, पर्वतीपुरतं बोलायचं तर या दोन्ही बाजूंना एक गोष्ट माहीत असायला हवी. या टेकडीवर आपल्या माणसांचं रक्त सांडलेलं आहे.

आधी देऊळ कोणाचं ते पाहू. पर्वतीचं देवदेवेश्वर मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधलं, १७४९ मध्ये. पानिपतानंतर १७६१ मध्ये ते इथेच वारले. टेकडीवर त्यांची समाधी आणि पेशवे संग्रहालय आहे. पायथ्याशी रमणा होता. श्रावणात हजारो ब्राह्मणांना तिथे दक्षिणा वाटली जाई. हा पैसा राज्याच्या खजिन्यातला, म्हणजे शेवटी शेतात राबणाऱ्या कुणब्याच्या आणि गावकी करणाऱ्या महार-मांगांच्या घामातला. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी याच दक्षिणेच्या रकमेतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिथेही आपल्याला दार बंदच होतं. पैसा सगळ्यांचा, लाभ एका जातीला. समाजशास्त्राच्या जाड पुस्तकाशिवायही हे समजतं.

आता १९२९ कडे या. त्या वर्षी १३ ऑक्टोबरला पुण्यातल्या अस्पृश्यांनी पर्वतीवर सत्याग्रह केला. पुढे होते शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज. कांबळे महार समाजातले. 'सोमवंशीय मित्र' हे पत्र त्यांनी १९०८ मध्ये सुरू केलं होतं, म्हणजे 'मूकनायक'च्या बारा वर्षं आधी. राजभोज चर्मकार समाजातले, पुढे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे मोठे नेते झाले. जन्माने ब्राह्मण असलेले तरुण एस. एम. जोशीही या सत्याग्रहात होते. सत्याग्रही पायऱ्यांवर पोचले तेव्हा दार बंद करण्यात आलं. सनातन्यांनी शिव्या घातल्या, दगड मारले. राजभोज जखमी झाले. बाबासाहेबांनी मुंबईतून पाठिंबा दिला. सत्याग्रह आठवडेन्‌आठवडे चालला, पण देऊळ उघडलं नाही.

हा दिवस पर्वतीच्या किती फेऱ्यांमध्ये सांगितला जातो? मी ज्या दोन फेऱ्यांना गेलो, त्यांत नाना फडणवीस आले, पानिपत आलं, घुमटाचं काम आलं, वरून दिसणारं पुणं आलं. १९२९ आलं नाही. मी विचारलं तेव्हा 'तो राजकीय विषय आहे' असं उत्तर मिळालं. पेशव्याने देऊळ बांधलं तो इतिहास, आणि त्याच देवळाच्या दारात माणसांची डोकी फुटली ते राजकारण! ही वाटणी कोण करतं, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक सापळा आहे. काही मंडळी हल्ली आपल्याला समजावतात, 'बघा, तुमच्या लोकांनाही देवदर्शनच हवं होतं, आता देवळं उघडी आहेत, मग तक्रार कसली?' त्यांना बाबासाहेबांनीच उत्तर देऊन ठेवलं आहे. नाशिकचा काळाराम सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, तो भाऊराव गायकवाडांनी पाच वर्षं लढवला. त्याच भाऊरावांना १९३४ मध्ये लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी स्पष्ट केलं की, अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून ही चळवळ नव्हती. आपल्या माणसांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात बळ यावं, यासाठी तो मार्ग होता. ते काम झालं तेव्हा त्यांनी तो मार्ग सोडला. येवल्याच्या परिषदेत हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली ती १३ ऑक्टोबर १९३५ ला. पर्वतीच्या सत्याग्रहाला त्या दिवशी बरोबर सहा वर्षं झाली होती. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर.

कायद्याचं म्हणाल तर मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा केला तो १९४७ मध्ये. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता संपवली आणि कलम २५ ने सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याचे कायदे करायला वाट ठेवली. म्हणजे आज पर्वतीच्या दारात कोणी जात विचारत नसेल, तर तो देवाचा किंवा पुजाऱ्याचा मोठेपणा नाही. ती १९२९ च्या दगडांची आणि संविधानाची कमाई आहे.

मग जायचं की नाही? माझं मत स्पष्ट आहे. बावीस प्रतिज्ञांनी आपल्याला पूजेपासून मोकळं केलं आहे, अभ्यासापासून नव्हे. हात जोडायचे नाहीत, दक्षिणा टाकायची नाही, प्रसादासाठी रांग लावायची नाही. पण डोळे उघडे ठेवून जायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. हे कोणाच्या पैशाने उभं राहिलं? दगड कोणी वाहिले? दाराबाहेर कोणाला ठेवलं होतं? नाशिकच्या मित्रांनी काळारामला आणि अमरावतीच्या मित्रांनी अंबादेवीला हेच विचारावं. अंबादेवीचा लढा तर १९२७ चा, पर्वतीच्याही आधीचा. आपण गेलोच नाही, तर त्या दारापाशी फक्त त्यांचीच गोष्ट सांगितली जाईल, आणि आपल्या पोरांना तीच खरी वाटेल.

पर्वतीच्या उतारावरच जनता वसाहत आहे. तिथली कितीतरी मुलं रोज ही टेकडी पाहत मोठी होतात, पण राजभोजांचं नाव त्यांनी ऐकलेलं नसतं. म्हणून पुण्यातल्या कार्यकर्त्यांना एक विनंती. दरवर्षी १३ ऑक्टोबरला सकाळी वस्तीतल्या मुलांना घेऊन पर्वतीच्या पायऱ्या चढा. मंदिराच्या दाराशी थांबा आणि तिथे उभं राहून शिवराम जानबा कांबळे आणि राजभोज यांची गोष्ट मोठ्या आवाजात सांगा. जोडीला संविधानाचं कलम १७ वाचा. मग खाली उतरा आणि दुसऱ्या दिवशीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तयारीला लागा. पर्वती, येवला, नागपूर हा आपला रस्ता आहे. त्याचा पहिला टप्पा मुलांना दाखवला नाही, तर शेवटचा त्यांना नुसता सण वाटेल.

जयभीम!