कल्याणची पेठ आणि गावची जमीन

वाचकहो, पेठ कशी वसते, असा प्रश्न विचारला तर आपण चटकन म्हणू, "दुकाने मांडली की वसते." पण इतिहास निराळेच सांगतो. आधी वाट येते, वाटेवर माल येतो, मालामागून माणूस येतो. दुकान सगळ्यांच्या शेवटी.

कल्याणचेच पाहा ना. उल्हास नदीच्या खाडीवरचे हे गाव. देशावरचा माल नाणेघाट उतरून इथे यायचा आणि गलबतांत चढायचा. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे रहिवासी आहेत. त्यांची नावे तिथल्या शिलालेखांत आजही वाचता येतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात मात्र एक मार्मिक नोंद आहे. कल्याण पूर्वी खुले बंदर होते; पुढे राज्यकर्ता बदलला, आणि इथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. खाडी तीच, घाट तोच. पण अधिकाऱ्याच्या एका हुकमाने व्यापाराची वाट वळली. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि दुर्गाडीच्या खाडीत मराठी आरमाराचा पाया घातला गेला. मग आली आगगाडी. १८५३ साली ती बोरीबंदरहून ठाण्याला पोचली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला. इथून एक फाटा बोरघाटाकडे गेला, दुसरा थळघाटाकडे. खाडीकाठचे महत्त्व सरून स्टेशनाचे वाढले. तरी जुन्या पेठेची रीत कायम राहिली: खाली दुकान, वर बिऱ्हाड. आज नगररचनाकार ज्याला 'संमिश्र वापर' म्हणतात, तो आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊकच होता!

पुढे मुंबईत कामे आणि डोंबिवली-कल्याणात घरे, अशी फारकत झाली. सकाळी माणसांनी भरलेली गाडी तिकडे, संध्याकाळी इकडे. ह्यावर तोड म्हणून कामच घराजवळ आणावे, असा विचार निघाला. १९७७ साली वांद्रे-कुर्ला संकुलाच्या आखणीचे काम मुंबई महानगर प्रदेशाच्या प्राधिकरणाकडे सोपवले गेले. ती जमीन बरीचशी सखल, दलदलीची होती. कल्याण विकास केंद्र मात्र आखले गेले ते निळजे, हेदुटणे, घारिवली, उसरघर अशा दहा नांदत्या गावांच्या जमिनीवर. इथे भातखाचरे आहेत, देवळे आहेत, वहिवाटीच्या वाटा आहेत.

ही गावे सत्तावीस गावांपैकी. १९८३ साली ती महानगरपालिकेत आली, २००२ साली वगळली गेली आणि २०१५ साली पुन्हा घेतली गेली. गावकऱ्याने दाद मागायची तरी कुठे? जवळच्या नेवाळीची आठवण तर अजून ताजी आहे. दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेली जमीन परत मिळावी, म्हणून तिथले शेतकरी २०१७ साली रस्त्यावर उतरले. पंचाहत्तर वर्षांनंतरही जमीन विसरली जात नाही, मंडळी!

मग नगर आखूच नये काय? तसे नव्हे. आपल्याकडे १९१५ सालापासून नगररचना योजनेचा कायदा आहे. त्याची रीत समजून घ्या. समजा, तुमची शेतपट्टी लांबट, वाकडी आणि रस्त्यापासून आत आहे. योजनेत सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरतात. रस्ते, शाळा, बागा यांना जागा काढतात. उरलेल्यातून प्रत्येकाला चौकोनी, रस्त्यालगतचा भूखंड परत देतात. क्षेत्र घटते, मोल वाढते. सुधारणेच्या खर्चाचा वाटाही मालकावर बसतो. संपादनात मोबदला मिळतो आणि सातबाऱ्यावरचे नाव जाते; इथे मालक मालकच राहतो. कल्याण विकास केंद्रासाठी हीच वाट सुचवली गेली. तरीही गावांतून विरोध झाला. कारण उघड आहे: किती जमीन परत, कुठे आणि कधी, ह्याची खात्री पटल्याशिवाय कोणता कुणबी किंवा आगरी आपले शेत सोडील?

म्हणून शेतकरी बांधवांनो, नकाशा प्रसिद्ध झाला की तो स्वतः पाहा, आपला सर्व्हे नंबर शोधा आणि हरकत मुदतीत, लेखी द्या. आणि गुरुजी, आपण मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्या: ओढा कुठून वाहतो, पाणंद कुठे जाते, पावसाळ्यात पाणी कुठे तुंबते. कागदावरच्या नकाशात ह्या खुणा हरवू नयेत. बंदराची वाट एका हुकमाने वळली होती. नव्या पेठेची वाट तरी गावाला विचारून आखली जावी.