अटलांटिक केबलचा घात कोणी केला?

१/ १६ ऑगस्ट १८५८. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश अटलांटिकच्या तळातून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांच्याकडे निघाला. पोहोचायला सुमारे १६ तास लागले. न्यूयॉर्कने इतकी आतषबाजी केली की नगरभवनाच्या घुमटालाच आग लागली. पुढे काही आठवड्यांतच केबल मुकी झाली. का?

२/ आयर्लंडमधील व्हॅलेन्शिया ते न्यूफाउंडलंड अशी ही केबल. आत तांब्याच्या तारा, त्यांवर गटापर्चा या झाडाच्या चिकाचे विसंवाहक आवरण, बाहेर लोखंडी तारांचे चिलखत.

३/ कंपनीचे विद्युत अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस मूळचे शल्यचिकित्सक. अंतर मोठे, म्हणून विद्युतदाबही मोठा हवा, अशी त्यांची धारणा. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांचे गणित वेगळे होते: संदेशाचा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून प्रवाह सौम्य आणि ग्राहक संवेदनशील हवा. त्यासाठी त्यांनी आरशाचा गॅल्व्हानोमीटर घडवला.

४/ व्हाइटहाउस यांनी पाच फूट लांबीच्या इंडक्शन कॉइल जोडून केबलवर सुमारे २००० व्होल्टचा दाब दिला. आवरण जिथे दुबळे होते, तिथून वीज समुद्रात झिरपू लागली.

५/ दोष समुद्रतळाशी. मग तो शोधायचा कसा? क्रॉमवेल व्हार्ली यांनी किनाऱ्यावरूनच केबलचा रोध मोजला. दर मैलाचा रोध ठाऊक असेल, तर एकूण रोधावरून गळतीचे अंतर काढता येते. गळतीच्या जागेचाही थोडा रोध त्यात मिसळतो. म्हणून हे उत्तर कमाल मर्यादा सांगते. निष्कर्ष निघाला: दोष व्हॅलेन्शियापासून साधारण तीनशे मैलांच्या आत.

६/ व्हाइटहाउस बडतर्फ झाले आणि सारा दोष त्यांच्या माथी आला. परंतु सरकार आणि कंपनी यांच्या संयुक्त समितीच्या १८६१ च्या अहवालाने निर्मितीकडेही बोट दाखवले. काही ठिकाणी तांबे आवरणाच्या मधोमध नव्हते. उघड्यावर ठेवलेल्या केबलचा गटापर्चा उन्हाने मऊ झाला होता. जखम आधीचीच होती. अतिदाबाने ती चिघळली.

७/ याच काळात ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाण एकक ठरवण्यासाठी समिती नेमली; त्यातून ‘ओहम’ रूढ झाला. १८६६ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने टिकाऊ अटलांटिक केबल टाकली, आणि १८७० मध्ये त्याच जहाजाने मुंबई-एडन केबल टाकली.

८/ आज मोटारीतील संदेशवाहिनीची ट्रान्सीव्हर चिप अतिदाबाने जळाल्याची शंका आली, तर तंत्रज्ञ वीज बंद करून तारांमधला आणि तारेपासून जमिनीपर्यंतचा रोध मोजतो. पद्धत व्हार्लींचीच. परंतु समितीने विचारलेला दुसरा प्रश्नही तितकाच आवश्यक आहे: तो दाब आला कोठून, आणि भाग आधीच दुबळा होता का? त्याचे उत्तर न शोधता नवी चिप बसवली, तर तीही जळण्याचा धोका उरतोच.